फाइल-पुनर्प्राप्ती सॉफ्टवेअरची तुलना

बिघडलेल्या डिस्कवरील किंवा चुकून पुसल्या गेलेल्या फाइल परत मिळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय साधनांना फाइल-पुनर्प्राप्ती सॉफ्टवेअर असे म्हणतात. एकाच नावाखाली ओळखली जात असली, तरी ही सर्व साधने एकच काम करीत नाहीत. काही साधने डिस्कची सेक्टरनिहाय प्रत काढतात. काही हरवलेले विभाजन (पार्टिशन) शोधतात. काही फाइल-प्रणालीच्या नोंदी वाचून नावासकट फाइल परत देतात. तर काही या नोंदींकडे न पाहता फाइलच्या आतील खुणांवरून तिचा माग काढतात. त्यामुळे या साधनांची तुलना ‘सर्वोत्तम कोणते’ या एका प्रश्नावर करता येत नाही. बिघाड कोणत्या स्तरावर आहे, यावर साधनाची निवड अवलंबून असते. साधने कोणत्या क्रमाने वापरली जातात यालाही तितकेच महत्त्व आहे. कारण चुकीच्या वेळी वापरलेले चांगले साधनही विद्याची (डेटाची) उरलेली एकमेव प्रत नष्ट करू शकते.

## पार्श्वभूमी

हार्ड डिस्कवरील विदा सेक्टर नावाच्या लहान तुकड्यांत साठविला जातो. जुन्या डिस्कवर सेक्टर ५१२ बाइटचा असे. अलीकडील बहुतेक डिस्कवर तो प्रत्यक्षात ४,०९६ बाइटचा असतो. कोणत्या फाइलचे तुकडे कोणत्या ठिकाणी आहेत, याची नोंद फाइल-प्रणाली ठेवते. फाइल पुसली असता बहुधा केवळ ही नोंद बदलते. मूळ मजकूर जागच्या जागी राहतो. ग्रंथालयाच्या नोंदवहीतून पुस्तकाचे नाव खोडले तरी पुस्तक कपाटातच राहावे, तसा हा प्रकार आहे. मात्र ती जागा आता मोकळी मानली जाते आणि पुढे केव्हाही तिच्यावर नवा मजकूर लिहिला जाऊ शकतो.

ही नोंद कशी बदलते, हे फाइल-प्रणालीनुसार वेगळे असते व पुनर्प्राप्तीचे यश त्यावर ठरते.

* फॅट : निर्देशिकेतील नोंदीचा पहिला बाइट बदलून तेथे षोडशमान पद्धतीतील ‘ई५’ ही खूण लिहिली जाते. फाइलच्या तुकड्यांची साखळीही पुसली जाते. पहिल्या तुकड्याचे स्थान आणि फाइलचा एकूण आकार एवढेच हाती उरते. त्यामुळे फाइल सलग साठविलेली होती असे गृहीत धरूनच ती परत मिळवावी लागते.
* एनटीएफएस : मुख्य फाइल-तक्त्यातील नोंद ‘वापरात नाही’ अशी दर्शविली जाते, परंतु तुकड्यांची स्थाने तिच्यात सहसा टिकून राहतात. अतिशय लहान फाइलचा मजकूर तर या नोंदीतच सामावलेला असतो. या कारणांमुळे एनटीएफएसवरील पुनर्प्राप्ती तुलनेने सोपी ठरते.
* ईएक्सटी३ व ईएक्सटी४ : लिनक्समधील या प्रणालींत फाइल पुसताना तिच्या तुकड्यांची स्थाने दर्शविणारी माहितीही शून्य केली जाते. तेव्हा जर्नलमधील जुन्या नोंदींचा किंवा फाइलच्या अंतर्गत खुणांचा आधार घ्यावा लागतो.

## इतिहास

वैयक्तिक संगणकांसाठीच्या पहिल्या प्रसिद्ध पुनर्प्राप्ती साधनांमध्ये पीटर नॉर्टन यांच्या ‘अनइरेज’ या आज्ञावलीची गणना होते. सन १९८२ मध्ये आलेल्या नॉर्टन युटिलिटीज या संचात तिचा समावेश होता. सन १९९१ च्या एमएस-डॉस ५.० या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअरकडून परवाना घेऊन ‘अनडिलीट’ ही आज्ञा दिली. विंडोज ९५ मध्ये रिसायकल बिनची सोय आल्यावर चुकून पुसलेल्या फाइलचा साधा प्रश्न बराच सुटला आणि पुनर्प्राप्तीचा भर बिघडलेल्या डिस्क, हरवलेली विभाजने व कॅमेऱ्यांची कार्डे यांच्याकडे वळला.

पुढील काळात न्यायवैद्यक तपासाच्या गरजेतून काही साधने विकसित झाली. ‘फोरमोस्ट’ हे साधन अमेरिकी हवाई दलाच्या विशेष तपास कार्यालयात तयार झाले. सन २००५ मध्ये आलेले ‘स्काल्पेल’ हे फोरमोस्टवर आधारित होते. भारतात १९९३ पासून कार्यरत असलेली गुरुग्राम येथील स्टेलर ही कंपनी या क्षेत्रातील सॉफ्टवेअर व प्रयोगशाळा-सेवा पुरविते. सन २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हे आज्ञारेषेवर चालणारे मोफत साधन उपलब्ध केले.

## बिघाडाचे स्तर

पुनर्प्राप्तीच्या दृष्टीने बिघाडाचे चार स्तर मानता येतात.

1. यांत्रिक व विद्युत बिघाड : वाचक शीर्ष निकामी होणे, मोटार न फिरणे, सर्किट जळणे. डिस्कमधून पुन्हापुन्हा टकटक असा आवाज येणे हे शीर्षाच्या बिघाडाचे परिचित लक्षण आहे. असा बिघाड कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही. उलट डिस्क चालू ठेवल्यास शीर्ष चकतीवर घासून विदा कायमचा खरवडला जाण्याचा धोका असतो.
2. सेक्टर वाचता न येणे : डिस्क फिरते, ओळखली जाते, पण काही भाग वाचला जात नाही किंवा अत्यंत सावकाश वाचला जातो.
3. रचनेचा बिघाड : विभाजन-तक्ता, बूट सेक्टर किंवा फाइल-प्रणालीच्या नोंदी खराब होणे. डिस्क सुस्थितीत असूनही ‘फॉरमॅट करावयाचे काय’ अशी विचारणा संगणकाकडून होते, ती बहुधा याच स्थितीत.
4. फाइल पुसली जाणे : डिस्क व रचना दोन्ही ठीक असतात; केवळ नोंद गेलेली असते.

दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांतील फरक वरकरणी लक्षात येत नाही. फाइल उघडत नाही, एवढेच वापरकर्त्याला दिसते. हा फरक ओळखण्यासाठी डिस्कच्या ‘स्मार्ट’ या स्वपरीक्षण नोंदी पाहिल्या जातात. बदलून दिलेल्या सेक्टरांची संख्या आणि निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची संख्या हे त्यांतील महत्त्वाचे आकडे होत. ‘स्मार्टमॉनटूल्स’ या मुक्त संचाद्वारे ते वाचता येतात. मात्र हे आकडे निर्दोष असूनही डिस्क अचानक बंद पडल्याची उदाहरणे आढळतात.

## साधनांचे प्रकार

### प्रतिमा घेणारी साधने

डिस्कवरील प्रत्येक सेक्टर जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर किंवा एका मोठ्या फाइलमध्ये उतरविणे, यास प्रतिमा (इमेज) घेणे असे म्हणतात. युनिक्स परंपरेतील ‘डीडी’ ही आज्ञा सुस्थितीतील डिस्कसाठी पुरेशी असते; पण वाचनात चूक येताच ती थांबते. चूक आली तरी पुढे जाण्याची सूचना तिला देता येते. त्याबरोबर न वाचलेल्या जागी शून्ये भरण्याची सूचना दिली नाही, तर पुढील सर्व मजकूर आपल्या स्थानावरून सरकतो आणि प्रतिमा निरुपयोगी होऊ शकते.

ग्नू डीडीरेस्क्यू हे आंतोनियो दियाझ दियाझ यांनी विकसित केलेले मुक्त साधन खास खराब डिस्कसाठी आहे. कुर्ट गार्लोफ यांचे ‘डीडी_रेस्क्यू’ हे साधन त्याहून वेगळे असून नावांच्या साम्यामुळे दोहोंची गल्लत होते. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारे भाग उतरवून घेते व अडचणीचा भाग लागताच तो ओलांडून पुढे जाते. त्यानंतर खराब पट्ट्यांच्या कडा, मग त्यांच्या आतील एकेक सेक्टर आणि शेवटी वापरकर्त्याची इच्छा असल्यास पुनःपुन्हा प्रयत्न, असा त्याचा क्रम असतो.

या क्रमाचे महत्त्व एका हिशेबाने स्पष्ट होते. सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने वाचली जाणारी १ टेराबाइटची निरोगी डिस्क सुमारे १०,००० सेकंदांत, म्हणजे पावणेतीन तासांत उतरते. एक मेगाबाइटच्या खराब भागात ५१२ बाइटचे सुमारे २,००० सेक्टर असतात. त्यांपैकी प्रत्येकावर डिस्कने पाच सेकंद घालविले, तर त्या एका मेगाबाइटलाच तेवढा वेळ लागतो. डिस्क अखेरच्या घटका मोजत असताना हा वेळ आधी खराब भागावर खर्च करणे म्हणजे सुस्थितीतील मजकूर पणाला लावणे होय.

डीडीरेस्क्यू आपल्या प्रगतीची नोंद ‘मॅपफाइल’ या नकाशात ठेवते. वाचलेला भाग ‘+’, खराब सेक्टर ‘-’ आणि अद्याप न पाहिलेला भाग ‘?’ या चिन्हांनी दर्शविला जातो. त्यामुळे वीज गेली किंवा डिस्क गरम झाली म्हणून काम थांबविले, तरी ते तेथूनच पुढे सुरू करता येते. एकाच सीडीच्या दोन खराब प्रती असल्यास, एकीत न वाचलेला भाग दुसरीतून भरून काढण्याची सोयही यामुळे मिळते.

### रचना दुरुस्त करणारी साधने

क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे टेस्टडिस्क हे मुक्त साधन हरवलेली विभाजने शोधते आणि विभाजन-तक्ता नव्याने लिहू शकते. बूट सेक्टर खराब झाला असेल, तर फाइल-प्रणालीने राखून ठेवलेल्या त्याच्या दुसऱ्या प्रतीवरून तो पूर्ववत करण्याची सोय त्यात आहे. फॅट३२ मध्ये ही प्रत विभाजनाच्या सहाव्या क्रमांकाच्या सेक्टरमध्ये, तर एनटीएफएसमध्ये विभाजनाच्या अखेरीस असते. साधनाचा दर्शनी भाग केवळ मजकुराचा असल्यामुळे नवख्याला ते कठीण वाटते. मूळ डिस्कवर लिहिण्याची क्षमता हे त्याचे सामर्थ्य आहे आणि धोकाही.

विंडोजमधील ‘चेकडिस्क’ व युनिक्समधील ‘एफएससीके’ यांचा वापर अनेकदा पुनर्प्राप्तीसाठी केला जातो. प्रत्यक्षात या साधनांचा हेतू फाइल-प्रणाली सुसंगत करणे हा आहे, फाइल वाचविणे हा नव्हे. जुळत नसलेल्या नोंदी ती काढून टाकतात किंवा अनाथ तुकडे क्रमांकांची नावे देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. ज्या नोंदींवरून पुनर्प्राप्ती साधनाला फाइलचे नाव व स्थान कळले असते, त्या यात नाहीशा होऊ शकतात.

### फाइल-प्रणाली वाचणारी साधने

या गटातील साधने नोंदींचे अवशेष वाचून फाइल व फोल्डर यांची जुनी मांडणी उभी करतात आणि फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवितात. पिरिफॉर्म कंपनीचे रिकुव्हा हे विंडोजवरील सोपे साधन साध्या पुसल्या गेलेल्या फाइलसाठी लोकप्रिय आहे. रचनेच्या मोठ्या बिघाडासाठी ते अपुरे पडते. आर-स्टुडिओ, डीएमडीई आणि यूएफएस एक्सप्लोरर ही साधने विंडोज, मॅक व लिनक्सवरील विविध फाइल-प्रणाली ओळखतात आणि अनेक डिस्क मिळून बनलेल्या ‘रेड’ संचाची मांडणीही जुळवू शकतात. डीएमडीईची मोफत आवृत्ती निवडलेल्या एका निर्देशिकेतून ४,००० पर्यंत फाइल परत देते.

बहुतेक सशुल्क साधने फाइलची यादी किंवा पूर्वदृश्य विनाशुल्क दाखवितात. यादीत नाव दिसणे म्हणजे फाइल शाबूत असणे नव्हे. नाव टिकून तिची जागा दुसऱ्या मजकुराने व्यापलेली असू शकते. पूर्वदृश्यात फाइल प्रत्यक्ष उघडणे हा त्याहून विश्वसनीय पुरावा ठरतो.

### कार्व्हिंग साधने

नोंदी पूर्णपणे नष्ट झाल्या असता फाइलच्या आरंभीच्या ठरावीक खुणांवरून तिचा शोध घेतला जातो. यास कार्व्हिंग म्हणजे ‘कोरून काढणे’ असे म्हणतात. उदाहरणार्थ, जेपेग छायाचित्राची सुरुवात ‘एफएफ, डी८, एफएफ’ या बाइटनी होते. ग्रेनिए यांचेच फोटोरेक हे या गटातील सर्वाधिक परिचित मुक्त साधन आहे. नाव छायाचित्रांवरून पडले असले, तरी ते कार्यालयीन दस्तऐवज, ध्वनी व चित्रफिती यांसह शेकडो प्रकारच्या फाइल ओळखते.

या पद्धतीत मूळ नावे व फोल्डर बहुधा मिळत नाहीत. फोटोरेक सेक्टरच्या क्रमांकावरून नवी नावे देते. छायाचित्रात दडलेल्या लघुचित्रांमुळे लहान प्रतींचाही भरणा होतो. दुसरी मर्यादा तुकड्यांत विखुरलेल्या फाइलची आहे. सिमसन गारफिंकेल यांनी साडेतीनशेहून अधिक डिस्कच्या अभ्यासावरून २००७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार जेपेग फाइलपैकी १६ टक्के, वर्ड दस्तऐवजांपैकी १७ टक्के आणि आउटलुकच्या पत्रसंग्रहांपैकी ५८ टक्के फाइल विखुरलेल्या होत्या. अशा फाइल साध्या कार्व्हिंगने अर्धवट किंवा सदोष मिळतात.

### सेक्टर पुन्हा वाचून लिहिणारी साधने

गिब्सन रिसर्च कॉर्पोरेशनचे स्पिनराइट हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेले साधन न वाचल्या जाणाऱ्या सेक्टरचे अनेकदा वाचन करते आणि मिळालेला मजकूर त्याच डिस्कवर पुन्हा लिहिते. त्याची ६.० ही आवृत्ती २००४ मध्ये, तर ६.१ ही २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. किरकोळ खराब सेक्टर असलेली डिस्क यामुळे पुन्हा वाचनीय होऊ शकते. परंतु काम मूळ डिस्कवरच होत असल्याने आणि त्यासाठी तिला दीर्घकाळ राबावे लागत असल्याने, झपाट्याने खालावणाऱ्या डिस्कसाठी आधी प्रतिमा घेणे अधिक सुरक्षित मानले जाते.

## तुलनात्मक तक्ता

| साधन | विकासक | परवाना | मुख्य काम | काम करताना मूळ डिस्कवर लिहिते का | फाइलची नावे मिळतात का |
|---|---|---|---|---|---|
| ग्नू डीडीरेस्क्यू | आंतोनियो दियाझ दियाझ | मुक्त | खराब डिस्कची प्रतिमा | नाही | लागू नाही |
| टेस्टडिस्क | क्रिस्तोफ ग्रेनिए | मुक्त | विभाजन व बूट सेक्टर | वापरकर्त्याने संमती दिल्यास | होय |
| फोटोरेक | क्रिस्तोफ ग्रेनिए | मुक्त | कार्व्हिंग | नाही | सहसा नाही |
| रिकुव्हा | पिरिफॉर्म | मोफत व सशुल्क | पुसलेल्या फाइल | नाही | बहुधा |
| विंडोज फाइल रिकव्हरी | मायक्रोसॉफ्ट | मोफत | पुसलेल्या फाइल, कार्व्हिंग | नाही | पद्धतीनुसार |
| डीएमडीई | दिमित्री सिदोरोव | मर्यादित मोफत व सशुल्क | फाइल-प्रणाली, विभाजन, रेड | विभाजन-दुरुस्ती निवडल्यास | होय |
| आर-स्टुडिओ | आर-टूल्स टेक्नॉलॉजी | सशुल्क | फाइल-प्रणाली, रेड, प्रतिमा | नाही | होय |
| यूएफएस एक्सप्लोरर | सिसडेव्ह लॅबोरेटरीज | सशुल्क | फाइल-प्रणाली, रेड | नाही | होय |
| स्पिनराइट | गिब्सन रिसर्च कॉर्पोरेशन | सशुल्क | सेक्टर वाचून पुन्हा लिहिणे | होय | लागू नाही |

## वापराचा क्रम

न्यायवैद्यक व व्यावसायिक कार्यपद्धतीत सर्वसाधारणपणे पुढील क्रम पाळला जातो. प्रथम डिस्कवरील सर्व लेखन थांबविले जाते. पुनर्प्राप्ती सॉफ्टवेअरदेखील त्या डिस्कवर स्थापित केले जात नाही, कारण त्या स्थापनेनेच हवी असलेली फाइल झाकली जाऊ शकते. त्यानंतर केवळ वाचनाने प्रतिमा घेतली जाते. पुढील सर्व प्रयोग प्रतिमेवर किंवा तिच्या प्रतीवर होतात. आधी फाइल-प्रणाली वाचणारे साधन वापरले जाते, म्हणजे नावे व मांडणी हाती लागते. त्यातून जे सुटेल त्यासाठी कार्व्हिंगचा आधार घेतला जातो. मिळालेल्या फाइल नेहमी वेगळ्या डिस्कवर ठेवल्या जातात.

या क्रमाचा लाभ असा की प्रतिमेवर चुकीचे साधन चालविले तरी पुन्हा आरंभ करता येतो. मूळ डिस्कवर केलेली चूक मागे घेता येत नाही.

## एसएसडी व कूटबद्ध डिस्क

फिरत्या चकतीच्या डिस्कसाठी विकसित झालेली गृहीतके एसएसडीला पूर्णपणे लागू होत नाहीत. फाइल पुसल्यावर ‘ट्रिम’ या आज्ञेने कार्यप्रणाली एसएसडीला ती जागा रिकामी झाल्याचे कळविते. विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. त्यानंतर त्या जागेचे वाचन केल्यास बहुधा शून्येच मिळतात आणि वरील तक्त्यातील कोणतेही साधन उपयोगी पडत नाही. त्यामुळे एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता हार्ड डिस्कच्या मानाने बरीच कमी असते.

बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्टने कूटबद्ध केलेल्या डिस्कची प्रतिमा घेता येते. मात्र संकेतशब्द किंवा पुनर्प्राप्ती-कळ नसल्यास तिच्यातून फाइल वाचता येत नाहीत. खुणाही कूटबद्ध असल्याने तेथे कार्व्हिंग निष्फळ ठरते.

## मराठी मजकुराची पुनर्प्राप्ती

देवनागरी मजकुराच्या बाबतीत काही वेगळे प्रश्न उद्भवतात. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असून त्यांतील पहिले दोन ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असतात. त्यामुळे नोंदी नसतानाही साध्या मजकुराच्या फाइल डिस्कच्या प्रतिमेत शब्द शोधून सापडू शकतात. वर्डच्या सन १९९७ ते २००३ च्या आवृत्त्यांतील युनिकोड मजकूर यूटीएफ-१६ संकेतनात असल्याने तेथे वेगळ्या बाइटचा शोध घ्यावा लागतो. नंतरच्या वर्ड दस्तऐवजांत मजकूर झिप पद्धतीने आकुंचित असतो. म्हणून तो थेट शोधाने आढळत नाही, आधी संपूर्ण फाइल परत मिळवावी लागते.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी महाराष्ट्रातील मुद्रण व कार्यालयीन कामात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम अशी सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरली जात. त्यांच्या फॉन्टमध्ये अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेले असत. अशी परत मिळालेली फाइल मूळ फॉन्टशिवाय उघडल्यास निरर्थक रोमन चिन्हे दिसतात आणि ती खराब झाली आहे असा समज होऊन टाकून दिली जाण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात फाइल शाबूत असू शकते. योग्य फॉन्ट किंवा परिवर्तक वापरल्यास मजकूर वाचता येतो. जुन्या संगणकांवरील हस्तलिखिते, स्मरणिका व संस्थांचे दप्तर परत मिळविताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

फाइलचे नाव देवनागरीत असल्यास फॅट प्रणालीत ते दीर्घ नावाच्या स्वतंत्र नोंदींत साठते. फाइल पुसताना या नोंदींतील केवळ अनुक्रमाचा बाइट बदलतो, नावाची अक्षरे नव्हे. त्यामुळे पुसलेल्या फाइलच्या लघुनावाचे पहिले अक्षर हरवले, तरी मराठी नाव पूर्ण मिळू शकते.

## मूल्यमापन

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या संगणकीय न्यायवैद्यक साधन-चाचणी प्रकल्पात प्रतिमा घेणे, पुसलेल्या फाइल परत मिळविणे आणि कार्व्हिंग यांची चाचणी स्वतंत्रपणे केली जाते. अशा चाचण्यांत मूळ मजकूर आधीच ज्ञात असल्यामुळे किती फाइल मिळाल्या, किती सदोष निघाल्या आणि किती चुकीच्या जुळविल्या गेल्या हे मोजता येते. केवळ ‘सापडलेल्या’ फाइलच्या संख्येवर आधारलेली तुलना दिशाभूल करू शकते. कारण एका फाइलचे तुकडे अनेक फाइल म्हणून मोजणारे साधन अशा तुलनेत सरस दिसते.

## मर्यादा

ज्या जागेवर नवा मजकूर लिहिला गेला आहे, तेथील जुना मजकूर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. यांत्रिक बिघाड झालेली डिस्क धूलिमुक्त कक्षात उघडून तिचे शीर्ष बदलावे लागते. पीसी-३००० सारखी खास उपकरणे अशा प्रयोगशाळांत वापरली जातात. डिस्क शीतपेटीत ठेवून चालू करण्याचा उपाय प्रचलित असला, तरी गारठलेल्या चकतीवर बाष्प साचून नुकसान वाढण्याचा धोका त्यात आहे. पुनर्प्राप्ती साधन हे विद्याच्या नियमित व स्वतंत्र ठिकाणी ठेवलेल्या प्रतीला, म्हणजे बॅकअपला, पर्याय ठरत नाही.

## हेही पाहा

* हार्ड डिस्क
* फाइल-प्रणाली
* संगणकीय न्यायवैद्यक
* बॅकअप
* युनिकोड